पारंपरिक ज्ञानाची नोंद करण्यापूर्वी

समुदायाच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद करण्याचे काम आपण हाती घेत आहात, तर नोंदी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या ही चर्चा तूर्त बाजूला ठेवावी. अमुक वनस्पती औषधी आहे, एवढ्या नोंदीचा फारसा उपयोग होत नाही. तिचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती काढायचा आणि ती पुन्हा वाढावी म्हणून किती मागे ठेवायचा, हे जाणकारांसोबत फिरून, त्यांच्याच बोलीतील नावांसह लिहिले, तरच ते पुढच्या पिढीच्या कामी येते. संमती मात्र आधीच घ्यावी. जनुकीय संसाधनांशी (म्हणजे वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव यांच्यातील उपयुक्त आनुवंशिक घटकांशी) निगडित ज्ञानाबाबत २०१० च्या नागोया प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारामध्ये पूर्वसंमती आणि लाभाच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहे. समुदायाला जे गुप्त ठेवायचे आहे ते, निधी देणारे कितीही मागे लागले तरी, नोंदवूच नये.