चोडणचं घर, चार खोल्या आणि चौदा लाख

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही फोंड्याच्या शाळेतून वयाची साठ पूर्ण करून निवृत्त झालात. पेन्शन महिना ३८ हजार आहे आणि निवृत्तीचे ३० लाख बँकेत मुदत ठेवीत आहेत. यजमान ६३ वर्षांचे, माशेलचं दुकान त्यांनी बंद केलंय. चोडण बेटावर सासऱ्यांचं जुनं घर आहे. तिथे राजांगण (घरामधलं चौकोनी अंगण), वसरी, मागे कुळागर (माड-पोफळींची बाग) आणि विहीर आहे. ८४ वर्षांच्या सासूबाई तिथेच राहतात आणि आता तुम्हीही तिथे राहायला गेला आहात. त्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांसाठी तयार करायच्या, पाहुण्यांनी घरातल्यांसोबतच राहायचं, एकाच स्वयंपाकघरात जेवायचं, असा विचार आहे. खर्चाचा अंदाज १४ लाख. बँकेतले साहेब म्हणतात, १० लाखांचं मुद्रा कर्ज घ्या. आणि दिरांच्या ओळखीचा एक एजंट म्हणतो, २० लाख घाला, मागे सहा खोल्या आणि स्विमिंग पूल बांधू, जागा १५ वर्षांच्या कराराने आम्हाला द्या, दरसाल ९ टक्के हमखास.

एजंटचा विषय आधी संपवते. नको. ते ९ टक्के देणार कोण, तर एक खासगी माणूस. त्यामागे ना बँक, ना ठेव विमा. कुळागराच्या जमिनीवर बांधायचं तर ती बिगरशेती केल्याची सनद लागेल. नदीकाठच्या बेटावर भरतीरेषेजवळचं बांधकाम किनारपट्टीच्या नियमांत अडकतं. आणि ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे जवळजवळ ४५ हजार लिटर गोडं पाणी. चोडणला चारी बाजूंनी भरतीचं खारं पाणी आहे. तुम्हीच लिहिलंय की मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं. त्या विहिरीवर पूल चालवायचा तर शेजाऱ्यांच्या विहिरीही खाऱ्या होतील. तो व्यवहार तुमच्या पैशाला वाईट आणि वस्तीलाही वाईट.

आता तुमच्या स्वतःच्या विचाराकडे वळू. तो मला मनापासून आवडला. पत्रातली गेल्या डिसेंबरची गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ओळखीतून पुण्याच्या दोघीजणी तीन दिवस राहायला आल्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकून स्वतःच फाटकाशी धावल्या. सासूबाई आडोळीवर (विळीवर) नारळ खोवत असताना एक जण शेजारी बसून शिकली आणि बोट कापून घेतलं. जाताना त्यांनी पाकिटात चार हजार रुपये ठेवले, ते सासूबाईंनी देवापुढे नेऊन ठेवले. ताई, तुमचा धंदा तेवढाच आहे, आणि तेवढाच राहावा असं माझं म्हणणं आहे. त्या दोघींसाठी तुम्ही एक वीटही रचली नव्हती. एकाच छपराखाली राहण्याची सोय कमी खर्चात होते, म्हणून ती बेटाला झेपते आणि म्हणूनच तुम्हालाही परवडते. १४ लाख घातलेत की ही दोन्ही कारणं निघून जातात.

आकडे मांडते. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या वहीत ते बदलून पाहा.

समजा दोनच खोल्या दिल्यात. नाश्ता धरून रात्रीचे २,००० रुपये. चोडणला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सलीम अली अभयारण्यात थंडीचे पक्षी येतात तेव्हा. मे महिन्याच्या सुट्टीत थोडी माणसं, आणि पावसात जवळजवळ कुणी नाही. वर्षभराची सरासरी ३० टक्के धरली तर २१९ रात्री, म्हणजे ४,३८,००० रुपये आले. निम्मी बुकिंग ॲपवरून आली आणि १५ टक्के कमिशन गेलं तर ३२,८५० गेले. नाश्ता आणि धुलाई रात्रीला ४५० प्रमाणे ९८,५५०. मदतीच्या बाईंचा पगार महिना ९ हजार, वर्षाचे १,०८,०००. वीज, इंटरनेट, कौलं, किरकोळ दुरुस्ती ६० हजार. हातात उरतात १,३८,६००, म्हणजे महिना साडेअकरा हजार.

आता चार खोल्या. पहिल्या दोन भरतात त्या शनिवार-रविवारी आणि हंगामात. पुढच्या दोन भरतील त्या फक्त नाताळात आणि जोडून सुट्ट्या आल्या तर. म्हणून सरासरी २२ टक्क्यांवर येते. ३२१ रात्री, ६,४२,००० रुपये. पण आता मदतीला दोन माणसं लागतात (२,१६,०००), धुलाई-नाश्ता १,४४,४५०, कमिशन ४८,१५०, वीज-दुरुस्ती १,१०,०००. उरले १,२३,४००. खोल्या दुप्पट, गुंतवणूक जवळजवळ तिप्पट आणि हातात पंधरा हजार कमी!

दोन खोल्यांचं काम ५ लाखांत बसतं असं तुमच्या कंत्राटदाराच्या यादीवरूनच दिसतं. दोन न्हाणीघरं-संडास २,५०,०००, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा ८०,०००, वायरिंग आणि इन्व्हर्टर ६०,०००, खाटा-गाद्या-मच्छरदाण्या ७०,०००, कौलं ४०,०००. एसी काढून टाकलेत तरी चालेल. कौलारू घर आहे, उंच छप्पर आहे. संडास आणि गादी मात्र उत्तमच हवी. माणूस वसरी सगळ्यांबरोबर वापरतो, ताट मांडीला मांडी लावून घेतो, पण अस्वच्छ संडास एकदा दिसला की पुन्हा येत नाही. सेप्टिक टाकीत काटकसर करू नका. टाकी झिरपली की घाण आधी तुमच्याच विहिरीत जाईल आणि मग खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत.

उरलेल्या ९ लाखांचं काय? वय ६० पूर्ण आहे, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुम्हाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने ९ लाखांचं वर्षाचं व्याज ७३,८०० रुपये, दर तिमाहीला खात्यात जमा. म्हणजे दोन खोल्या आणि हे व्याज मिळून २,१२,४०० होतात. त्यासमोर चार खोल्यांचे १,२३,४००. बँकेतली बाकीची रक्कमही मुदत संपेल तशी याच योजनेत हलवा, फक्त दोन लाख हाताशी ठेवा. सासूबाईंचं वय पाहता ते लागतील.

मुद्रा कर्जाबद्दल. २०२५ च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली, त्यामुळे साहेब चुकीचं काही सांगत नाहीत. पण १० लाख, ५ वर्षं, ११ टक्के धरले तर हप्ता २१,७०० च्या वर जातो. चार खोल्यांतून महिन्याला सुटतात दहा हजार. वरचे अकरा-बारा हजार पेन्शनमधून जातील, आणि जुलैत एकही पाहुणा नसताना अख्खा हप्ता जाईल. ज्यांच्याकडे स्वतःचं भांडवल नाही अशा तरुण जोडप्याला मी कदाचित हे कर्ज सुचवलं असतं. तुम्हाला नाही.

तुम्ही लिहिता, २०२५ च्या जुलैत रायबंदरची रो-रो फेरी (गाड्यांसह माणसं नेणारी बोट) सुरू झाल्यापासून माणसं वाढली आहेत. खरं आहे. पण येणं सोपं झालं की परत जाणंही सोपं होतं. धक्क्यावर उतरणारे बरेचसे पक्षी पाहून, कांदळवनात होडीतून फिरून दुपारी पणजीला परततात. रात्रीचा पाहुणा वेगळा, त्याला बोलवावं लागतं. एक सुचवते. माशेलची देवकीकृष्ण मूळची चोडणची. तिचे कुळावी (तिला कुलदैवत मानणारे) मुंबई-बेळगावहून मालिनी पौर्णिमेच्या जत्रेला येतात. त्यांतल्या कितीजणांनी मूळ गावात एक रात्र तरी काढली असेल? माशेलला यजमानांचं दुकान होतं, ओळखी आहेत. या बुकिंगवर कमिशनही नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पत्रात तिच्याविषयी एकच ओळ होती, मला मात्र काळजी तिचीच वाटते. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. भावंडं चार, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नाही. गोव्याच्या कायद्याप्रमाणे अर्धं घर सासूबाईंचं. उरलेलं अर्धं चार मुलांत, लग्न झालेल्या मुलीसह, समान. म्हणजे तुमच्या यजमानांचा वाटा एक अष्टमांश. सोळा आण्यांतले दोन आणे! गोव्यात नोंद झालेल्या लग्नात, वेगळा करार नसेल तर, नवऱ्या-बायकोची मालमत्ता सामाईक असते. तेव्हा दोन दीर, नणंद, त्यांचे जोडीदार आणि सासूबाई अशा सात सह्या लागतात. आज तुम्ही १४ लाख घातलेत आणि पाच वर्षांनी मस्कतच्या दिरांनी वाटणी मागितली, तर तुमच्या पैशाने सुधारलेल्या घराचे चौदा आणे इतरांच्या पदरात जातील. माझ्या म्हापशाच्या ऑफिसात अशा भांडणातून आलेली तीन घरं मी पाहिली आहेत. माणसं वाईट नव्हती, कागद नव्हता.

पूर्ण इन्व्हेंटरीला वेळ लागेल. तोवर वकिलाकडून साधा करार करून घ्या. दोन खोल्या पाहुण्यांसाठी वापरायला सगळ्यांची संमती, खर्चाची यादी पावत्यांसह सोबत जोडलेली, आणि वाटणीच्या वेळी तो खर्च आधी तुम्हाला परत. दिरांना दरवर्षी नफ्यातला थोडा वाटा देऊ केलात तर सह्या लवकर होतील. पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, त्या अर्जालाही घराचे कागद लागतातच.

किरकोळ बाबी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तुम्हाला जीएसटी नोंदणी नको, ॲपवरच्या बुकिंगचा कर ॲपवाला भरतो. आयकरात हे उत्पन्न पेन्शनबरोबर दाखवायचं, म्हणून वही पहिल्या दिवसापासून ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची. आणि घराच्या विमा कंपनीला पाहुणे ठेवणार असल्याचं लेखी कळवा, नाहीतर आगीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

दोन खोल्या चांगल्या चालल्या की चार कराव्याशा वाटतील. मालदीवमध्ये २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउसना परवानगी मिळाली, तोवर पाहुणे मुख्यतः निर्मनुष्य बेटांवरच्या रिसॉर्टमध्ये राहत. सामान्य घरांत पर्यटनाचा पैसा आला, हे फार चांगलं झालं. पण माफुशी बेटावर आज मजल्यावर मजले चढलेली हॉटेलं उभी आहेत, आणि घरातल्या माणसांसोबत राहायला येणारा पाहुणा तिथे शोधावा लागतो. तिसऱ्या खोलीचा विचार दोन पूर्ण हंगामांच्या वहीनंतर करू, आणि तोही साठलेल्या नफ्यातून.

एक विचारायचं राहिलं. पत्रात यजमानांचं मत आहे, दिरांचं आहे, बँकेच्या साहेबांचंही आहे. सासूबाईंना विचारलंत का? अर्धं घर त्यांचं, आणि स्वयंपाकघर तर पूर्ण त्यांचं. परकी माणसं रोज चुलीपाशी येऊन बसणार, ते त्यांना दोघींपुरतं आवडलं की नेहमीसाठी चालेल? त्यांचं उत्तर आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा), दोन्ही मला पाठवा. वकिलाशी बोलायला मी तुमच्यासोबत येईन. करार गणपतीच्या आधी झाला तर दीर-नणंद चतुर्थीला घरी येतील तेव्हाच सह्या होतील, आणि संडासाचं काम दिवाळीपर्यंत उरकेल.