ॲस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिकवरच्या लाइव्ह-ॲक्शन (खऱ्या कलाकारांच्या) सिनेमांपैकी नेमका कोणता बघावा?

बिनधास्त 2002चा 'मिशन क्लिओपात्रा' बघा. 1999चा पहिला सिनेमा आधी बघायलाच हवा असं अजिबात नाही, गोष्ट स्वतंत्र आहे.

मूळ कॉमिक रने गोसिनी आणि आल्बेर युदेर्झो यांचं, साठच्या दशकातलं. सीझर इजिप्तच्या लोकांना हिणवतो, तेव्हा क्लिओपात्रा पैज लावते: तीन महिन्यांत भव्य राजवाडा उभा करून दाखवते. काम मिळतं वास्तुरचनाकार न्युमेरोबिसला, ज्याची घरं धड उभीही राहत नाहीत! मग तो गॉलमध्ये (म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात) जाऊन जादूचा काढा बनवणाऱ्या पुरोहिताला गाठतो, आणि तिथलेच दोघे मित्र ॲस्टेरिक्स-ओबेलिक्सही सोबत येतात.

दिग्दर्शक आलँ शाबा यांनी कॉमिकची चित्रं नुसती हलती केली नाहीत, स्वतःचा विनोद त्यात ओतला. सीझरची भूमिकाही शाबांनीच केलीय. माझ्या मते सिनेमा खरा खाऊन टाकतो तो न्युमेरोबिस झालेला जामेल देबूझ. त्याची ती अखंड बडबड आणि धांदल बघाच. आणि ओतिस नावाचा लेखनिक! 'लेखनिकाची नोकरी बरी असते का?' एवढंच त्याला विचारतात, आणि तो आयुष्य, माणसांच्या भेटीगाठी, प्रेम यांवर थांबायचं नावच घेत नाही. फ्रान्समध्ये तो संवाद लोकांना तोंडपाठ आहे.

ओबेलिक्स म्हणून जेरार दपार्द्यू फिट्ट बसलाय. स्फिंक्सचं नाक कोणी तोडलं, तेही कळेल.

फक्त फ्रेंच आवाजात, सबटायटल लावून बघा. संवादांचा वेग डबिंगमध्ये मरतो. 2008चा 'ऑलिम्पिक'वाला सोडलात तरी चालेल.