बोटीवर मुक्काम करून स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे) करण्यापूर्वी
सोलापूरच्या जलतरण तलावात तुम्ही सफाईने पोहत असलात, तरी समुद्रात खरी परीक्षा कानांची असते; दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने (म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) वाढतो आणि पहिल्या काही मीटरांतच तो कानांना सर्वाधिक जाणवतो, म्हणून दुखण्याची वाट न पाहता नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत उतरावे. पहिल्या वेळी कान दुखत असूनही मी संकोचाने सोबतच्या प्रशिक्षकाला खूण केली नाही आणि आठवडाभर कानांना दडे बसले होते. श्वास मात्र कधीही रोखू नये. शेवटच्या बुडीनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि बुडीत शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात; आपल्याला सोलापूरकरांना तर घाट चढून सुमारे 450 मीटर उंचीवर परतायचे असते, त्यामुळे रविवारची रात्र किनाऱ्यावरच काढावी. बोट हलू लागली की तेलकट नाश्त्यापेक्षा आपली कडक भाकरी पोटाला बरी वाटते.