वाचकांचे प्रश्न : गोळीची झोप, छातीवरचं ओझं आणि स्वप्नातली हाणामारी

झोप, स्वप्नं आणि नशा यांबद्दल आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला सर्वांत जास्त जागा दिली आहे. झोपेची गोळी अनेक घरांत वर्षानुवर्षं चालू असते, आणि ती मनाने एकदम बंद करणं धोक्याचं ठरू शकतं.

प्रश्न : माझं वय ६१. यजमान गेले तेव्हा झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम दिली. दिली होती पंधरा दिवसांसाठी, आता सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात बंद करून पाहिली, तर तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरायला लागले, छातीत धडधड. घाबरून पुन्हा सुरू केली. मुलगी म्हणते, ‘आई, तुला व्यसन लागलंय.’ आता गोळीशिवाय झोप येणारच नाही का? (सांगली)

उत्तर : येईल, पण गोळी हळूहळू सोडावी लागेल. आणि मुलीला सांगा, हे व्यसन नव्हे. तुम्ही मात्रा वाढवलेली नाही, नशेसाठी गोळी घेत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची शरीराला सवय झाली आहे, आणि ती या जातीच्या कोणत्याही गोळीची काही आठवड्यांतच होऊ लागते.

मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींची उत्तेजना कमी करतं. अल्प्राझोलाम त्याचा परिणाम वाढवतं. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू स्वतःची ही यंत्रणा मंदावतो. मग गोळी अचानक थांबली की शांत करणारं कमी आणि चेतवणारं जास्त अशी अवस्था होते. थरथर, घाम, धडधड आणि मुळात होता त्याहून वाईट निद्रानाश ही सगळी त्याचीच लक्षणं. त्या तीन रात्री गोळी सुटण्याचा परिणाम होता. तुमची मूळची झोप कशी आहे हे त्यावरून ठरत नाही. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही’ असं वाटून माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. अल्प्राझोलामची रक्तातली पातळी साधारण ११-१२ तासांत निम्मी होते, म्हणून त्रास लवकर सुरू होतो. काहींना अशा वेळी फिटही येते. तेव्हा हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

कपात लहान टप्प्यांनी करतात : दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि कितीही घाई असली तरी दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. अडचण अशी, की अल्प्राझोलामची लहान गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. तिची अर्धी केली तरी ०.५ वरून पहिली पायरी ०.३७५ ची, म्हणजे थेट २५ टक्के. पुढची पायरी ०.२५ ची, ती ३३ टक्क्यांची होते. या दुसऱ्या पायरीवर अडखळायला होऊ शकतं. त्यामुळे काही डॉक्टर आधी डायझेपामसारख्या शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या औषधावर आणतात; त्याच्या २ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, म्हणून पायऱ्या बारीक पाडता येतात. साठीनंतर मात्र ते शरीरात साचतं, म्हणून हा निर्णय तुमची प्रकृती पाहून डॉक्टरच घेतील. दोन चुका टाळा. गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ लिहिलेलं असेल तर ती मोडू नका. हळूहळू विरघळावी म्हणून केलेली गोळी मोडली की औषध एकदम सुटतं. आणि ‘एक दिवसाआड घेते’ हा घरगुती उपाय करू नका. त्याने एक दिवस चढ आणि एक दिवस उतार एवढंच होतं. रोज घ्यायची, त्याच वेळी, थोडी थोडी कमी.

नुसती गोळी कमी करून भागत नाही, झोपही नव्याने बसवावी लागते. निद्रानाशासाठी जी वर्तनोपचार पद्धत आहे, तीच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये पहिला उपचार म्हणून सुचवली, गोळीच्याही आधी. तिचे दोन कणे आहेत. एक रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला : अंथरुणाचं नातं फक्त झोपेशी ठेवायचं. दुसरा आर्थर स्पीलमन यांचा, १९८७ चा : जेवढी झोप येते तेवढाच वेळ अंथरुणात काढायचा.

करायचं कसं ते सांगतो. दोन आठवडे उशाशी वही ठेवा. रात्री नव्हे, सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहा : आडवी कधी झाले, झोप कधी लागली, मध्ये किती वेळ जागी होते, उठले कधी. समजा, तुम्ही १० ला आडव्या होता आणि ६.३० ला उठता, म्हणजे अंथरुणात साडेआठ तास. वहीप्रमाणे खरी झोप सरासरी साडेपाच तास. साडेपाच भागिले साडेआठ, म्हणजे जेमतेम ६५ टक्के. आता उठायची वेळ पक्की करा, ६ धरू. तिथून साडेपाच तास मागे मोजा : १२.३० च्या आधी अंथरुणाला पाठ टेकायची नाही. आठवडाभर हा आकडा ८५ टक्क्यांच्या वर राहिला की १५ मिनिटं वाढवा, १२.१५ ला आडव्या व्हा. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशेब. ८० च्या खाली गेला तर १५ मिनिटं कमी करा, पण पाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका.

झोप ही जागं राहण्याच्या तासांवर उभी असते. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन वाढत जातं, तोच झोपेचा दाब. नऊ-दहा तास अंथरुणात लोळलं की हा दाब विरतो आणि झोपेचे तुकडे पडतात. वेळ आवळली की झोप सलग होते, मग ती वाढवता येते.

जागं पडून राहून चिडचिड व्हायला लागली (साधारण वीस मिनिटं, पण घड्याळ बघू नका, ते पलटून ठेवा) की उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, वाती वळा, जुना दिवाळी अंक वाचा. डोळे जड झाले की परत या. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी चालेल. सगळ्यांत जास्त बिघडतं ते संध्याकाळी. साडेआठला मालिका बघता बघता खुर्चीत लागलेली वीस मिनिटांची डुलकी रात्रीचा सगळा दाब खाऊन टाकते. त्या वेळी उभ्याने करायचं काम काढा. आणि वाईट रात्रीनंतर सकाळी भरपाई म्हणून लोळू नका.

पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येईल. स्कूटर चालवू नका. फिट येण्याचा आजार किंवा बायपोलर विकार असेल तर वेळ आवळण्याचा भाग करायचाच नाही, झोप तोडल्याने ते आजार उसळतात. आमचा सल्ला असा, की गोळी आहे तेवढीच ठेवून आधी चार आठवडे झोप बसवा, मग कपात सुरू करा.

एवढा खटाटोप कशासाठी? साठीनंतर या गोळ्यांनी रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, स्मरणाला ओरखडे पडतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं किंवा दारू यांच्यासोबत घेतल्या तर श्वास मंदावतो. भारतात अल्प्राझोलाम ‘एच१’ यादीत आहे, म्हणून पाकिटावर लाल चौकट असते आणि विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय पाकीट आणणं बंद करा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, रात्री दोन-तीनपर्यंत जागतो. गेल्या काही महिन्यांत चार-पाच वेळा पहाटे जाग आली, पण हातपाय हलेनात, तोंडातून आवाज फुटेना. खोलीत कोणीतरी उभं आहे, मग छातीवर बसलंय असं स्पष्ट जाणवलं. आजी म्हणते मुंजा आहे, गावी येऊन नारळ फोड. (पुणे)

उत्तर : याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव सुमारे ८ टक्के लोकांना येतो, विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे २८ टक्के आढळलं आहे. तुम्ही ठणठणीत आहात.

स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे डोळे भरभर हलतात त्या ‘रेम’ अवस्थेत (शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती १९५३ मध्ये जगापुढे मांडली), मेंदूचा खालचा भाग हातापायांच्या स्नायूंकडे जाणारे संदेश अडवतो, नाहीतर आपण स्वप्नं जगायला लागू. कधीकधी जाणीव जागी होते आणि अडवणूक मात्र काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं तशीच राहते. डोळे आणि श्वासपटल मोकळं असतं, छातीचे इतर स्नायू ढिले. घाबरून खोल श्वास घ्यायला गेलं की तो घेता येत नाही, तेच छातीवरचं ओझं. स्वप्नाचा उरलेला भाग उघड्या डोळ्यांसमोरच्या खोलीत मिसळतो, आणि भीतीचं केंद्र चेतलेलं असल्याने दिसतं ते हमखास भीतिदायक. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या. इथे पहिल्या दोन एकमेकींत शिरतात. तुम्हाला जाणवलेलं खोटं नाही, आजीने लावलेला अर्थ तेवढा वेगळा. नारळ फोडून तिच्या मनाला बरं वाटत असेल तर फोडा, पण झोपेची वेळही बदला.

त्या क्षणी उठून बसायची धडपड करू नका, तिने भीती वाढते. श्वास संथ सोडत राहा, डोळे डावी-उजवीकडे फिरवा, पायाचा अंगठा हलवण्यावर लक्ष ठेवा. अडवणूक तिथून सुटू लागते. कुशीवर झोपा, उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. उठायची वेळ रोज एकच ठेवा आणि किमान सात तास झोपा. दोनपर्यंत जागून सहाला उठलात तर रेम झोप तुटते आणि पुढच्या रात्री दामदुप्पट वसूल होते. दिवसा आवरता न येणारी झोप किंवा हसताना गुडघे लटके पडणं हेही होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, नार्कोलेप्सी हा अनावर झोपेचा आजार तपासावा लागेल.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. पहाटे झोपेत ओरडतात, लाथा मारतात. परवा आईच्या डोळ्याला लागलं. उठवल्यावर सांगतात, कुत्रं अंगावर आलं होतं. स्वभावाने अगदी शांत माणूस. (कोल्हापूर)

उत्तर : वरच्या उत्तरातली अडवणूक इथे उलट बिघडली आहे : स्वप्न चालू, स्नायू मोकळे. कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी मिनेसोटात १९८६ मध्ये हा विकार माणसांत नोंदवला. मिशेल जूव्हे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत तो आधीच दाखवला होता. वडिलांच्या रागाशी याचा संबंध नाही, हे आईला आवर्जून सांगा.

वेळ बघा. पहिल्या दोन-तीन तासांत उठून चालणं, काहीही न आठवणं, हे गाढ झोपेतलं चालणं. पहाटे हातपाय झाडणं आणि जाग आल्यावर स्वप्न नीट सांगता येणं, हे बहुधा रेम झोपेतलं. मोठं घोरणं आणि श्वास अडकणंही असेल तर त्यानेही असंच दिसू शकतं, म्हणून पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे रात्रभर झोपेची नोंद घेणारी तपासणी लागते. नैराश्यावरची काही औषधंही हे सुरू करतात, तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्या आणि मोबाइलवर एका रात्रीचं चित्रण करा.

तपासणी टाळू नका, कारण हा विकार पुढे काही वर्षांनी येणाऱ्या पार्किन्सन्स किंवा तत्सम आजाराची पूर्वसूचना असू शकतो. वास कमी येणं, बद्धकोष्ठता, चालताना एक हात न हलणं असं काही असेल तर सांगा. उपचारात झोपताना मेलाटोनिन (३ ते १२ मिलिग्रॅम) किंवा क्लोनाझेपाम थोड्या मात्रेत देतात. श्वास अडकत असेल तर दुसरं टाळतात. आज रात्रीपासूनच : आई वेगळ्या पलंगावर, वडिलांची गादी जमिनीवर, कोपऱ्याचं कपाट दूर, काचेचा तांब्या-पेला हलवा, खिडकीला जाळी.

प्रश्न : झोपेसाठी रोज दोन पेग घेतो. लगेच लागते, पण तीनला टक्क जाग येते. (ठाणे)

उत्तर : साठ मिलिलिटरच्या दोन पेगांत शुद्ध अल्कोहोल सुमारे ४० ग्रॅम. यकृत ताशी ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. नऊला सुरुवात केली तर दोन-तीनच्या सुमारास रक्त रिकामं होतं आणि दाबून ठेवलेला मेंदू उसळतो. पूर्वार्धात रेम झोप दबते, उत्तरार्धात तुकड्यातुकड्याने येते. शिवाय घशाचे स्नायू ढिले पडून घोरणं वाढतं. पिणं दोनवरच थांबत असेल तर आधी वेळ अलीकडे आणा आणि मग कमी करा. सकाळी हात कापत असतील, घाम येत असेल तर एकदम बंद करू नका : ६ ते ४८ तासांत फिट आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, तो जीवघेणा असतो. अशा वेळी रुग्णालयातच सोडा.

प्रश्न : दोन वर्षं गांजा ओढत होतो, तीन आठवड्यांपूर्वी सोडला. तेव्हापासून इतकी ठसठशीत, भयानक स्वप्नं पडतात की झोपायची भीती वाटते. डोक्यावर परिणाम झालाय का? (नाशिक)

उत्तर : नाही. गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, कमी करतं. ते थांबलं की मेंदू ती भरून काढतो, म्हणून स्वप्नं जास्त आणि ठळक. पहिल्या आठवड्यात चिडचिड, भूक मरणं, झोप तुटणं सर्वांत जास्त असतं. स्वप्नं मात्र आणखी काही आठवडे रेंगाळतात, मग ओसरतात. या काळात ‘फक्त झोपेपुरता एक’ ओढलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि दारू किंवा खोकल्याचं औषध त्याच्या जागी आणू नका.

एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर दिवसा, उजेडात ते लिहून काढा. मग त्याचा शेवट किंवा मधला प्रसंग तुम्हाला हवा तसा बदला आणि बदललेलं स्वप्न रोज १० ते २० मिनिटं डोळे मिटून मनात चालवा. जुनं स्वप्न उगाळत बसायचं नाही, नवंच घोटायचं. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नाने करू नका, जरा सौम्य घ्या. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

जागेपणी आवाज ऐकू येणं, लोक आपल्याविरुद्ध कट करताहेत असं ठाम वाटणं, किंवा जीव नकोसा होणं यांपैकी काहीही असेल तर ती स्वप्नांची गोष्ट नव्हे. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे जा, किंवा सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.