मनगटावर गँगलियनची गाठ आली आहे, ऑपरेशन करावंच लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी मनातली भीती काढून टाका: गँगलियन म्हणजे कॅन्सर नाही आणि त्याचा पुढे कॅन्सरही होत नाही. सांध्याच्या किंवा स्नायुबंधाच्या आवरणातून एक पिशवी फुगून बाहेर येते आणि तिच्यात जेलीसारखा घट्ट, पारदर्शक द्रव साठतो. म्हणूनच ती कधी मोठी, कधी लहान दिसते. जवळपास निम्म्या गाठी काही महिन्यांत किंवा वर्षांत आपोआप जिरतात.

दुखत नसेल तर खुशाल थांबा. मात्र गाठ गँगलियनचीच आहे ना, हे एकदा अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. आणि कृपा करून कुणाचं ऐकून जाड पुस्तकाने ठोकून ती फोडू नका! हा जुना उपाय आहे, पण त्यात हाताला इजा होऊ शकते.

सुईने द्रव काढला की लगेच बरं वाटतं, पण पिशवी आणि तिचा देठ आतच राहतो, त्यामुळे गाठ अनेकदा परत येते. ऑपरेशनमध्ये सांध्यापर्यंत जाणारा तो देठही काढतात. बहुधा हात बधिर करून हे करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. त्यानंतरही काही जणांना गाठ पुन्हा येते, मनगट काही काळ आखडतं, हे आधीच माहीत असू द्या.

सतत दुखणं, बोटांना मुंग्या, पकड कमजोर होणं, यांपैकी काही असेल तर माझ्या मते ऑपरेशनचा विचार जरूर करावा. गाठ तळहाताच्या बाजूला असेल तर शेजारीच नाडीची रक्तवाहिनी असते, तिथे हाताचे अनुभवी सर्जनच गाठा.