आईला इतक्यात संत करू नका

पत्र : माझी आई पंच्याऐंशीव्या वर्षी देवाघरी गेली. पुढच्या आठवड्यात तिची महिन्याची मिस्सा, म्हणजे तिच्यासाठीची चर्चमधली उपासना, आहे आणि तिच्याबद्दल चार शब्द मी बोलावेत असं भावंडांनी ठरवलंय. मोठ्या भावाने मसुदाही पाठवला : त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही. मला दुखावलं होतं. ख्रिस्ती नसलेल्या मुलाशी मी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा ती सहा वर्षं माझ्याशी बोलली नाही. नंतर माझ्या मुलीवर मात्र तिने जीव ओवाळून टाकला. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, तिला फक्त ती आजी ठाऊक. फादर म्हणतात, तीन मिनिटं बोला, तेही परमप्रसाद वाटून झाल्यावर. भावाला हा आईचा अपमान वाटतो. मी स्वतः कित्येक वर्षं चर्चला जात नाही. खोटं बोलवत नाही, आणि खरं बोलले तर आईची शोभा होईल. काय करू? – एक लेक

उत्तर :

प्रिय ताई,

फादरांचं आधी आटपू, कारण ते सोपं आहे. त्यांनी कुणाचा अपमान केलेला नाही. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये, 382 व्या परिच्छेदात, स्पष्ट म्हटलंय की अंत्यविधीच्या मिस्सेत छोटं प्रवचन असावं, मृत व्यक्तीचं गौरवपर भाषण नसावं. अंत्यविधीच्या इंग्रजी विधिग्रंथात मात्र शेवटच्या निरोपाआधी 'कुटुंबातली व्यक्ती किंवा स्नेही' आठवणीचे शब्द बोलू शकतात अशी सोय ठेवलीय. तुमचे फादर महिन्याच्या मिस्सेलाही तोच शिरस्ता पाळत असावेत. त्या वाक्यात बोलणाऱ्याने दर रविवारी चर्चला यावं अशी अट नाही. तेव्हा तुमची ती काळजीही इथेच मिटवा. फादरांनी तुम्हाला बोला म्हटलंय ना, मग झालं.

हा नियम असा का, ते भावाला जरूर सांगा. मिस्सा अर्पण होते ती आईसाठी देवाकडे दया मागायला. आईने कुणाला कधी दुखावलंच नसेल, तर आपण सगळे कशासाठी जमलोय? ज्याला आपणच परस्पर संत ठरवून टाकतो, त्याच्यासाठी प्रार्थना करायचं कारणच उरत नाही. आणि आईचं स्वतःचं मत तरी काय होतं? पाच रहस्यांच्या एका रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, 'नमो मरिया' त्रेपन्न वेळा येते आणि प्रत्येक वेळी शेवटी 'आम्हा पाप्यांसाठी' विनंती असते. त्या पिढीच्या बाईने उभ्या जन्मात किती रोझऱ्या म्हटल्या असतील! इतक्या वेळा तिने जे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, ते तुमचा भाऊ एका कागदाने खोडायला निघालाय. 'कधी कुणाला दुखावलं नाही' एवढं वाक्य काढा. बाकीची विशेषणं निरुपद्रवी आहेत, फक्त ती कुणाच्याही आईला चालतील.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. या बाबतीत मला नेहमी संत मोनिका आठवते. 387 साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती वारली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. तिच्या मुलाने, संत ऑगस्टीनने, पुढे 'कन्फेशन्स' हे आत्मकथन लिहिलं तेव्हा आईची आठवण कशी सांगितली पाहा. लहानपणी तिला चोरून दारू चाखायची सवय लागली होती आणि दासीने टोमणा मारला तेव्हा ती सुटली, हे त्याने सरळ लिहून टाकलं. तो मानी पंथाच्या, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या एका पंथाच्या, नादी लागला तेव्हा आईला त्याच्याबरोबर एका घरात राहणं, एका टेबलावर जेवणंही नकोसं झालं होतं, हेही लिहिलं. मग तिला एक स्वप्न पडलं आणि तिने त्याला परत घरात घेतलं. ती गेली तेव्हा तिचा नातू, ऑगस्टीनचा मुलगा अदेओदातुस, हंबरडा फोडून रडला. हा नातू लग्नाशिवाय झालेला, हे वेगळं सांगायला नको. एवढं सगळं लिहून वर त्याने देवाकडे आईच्या पापांची क्षमा मागितली आणि वाचणाऱ्यांनाही वेदीपाशी तिची आठवण ठेवायला सांगितलं. सोळाशेहून जास्त वर्षं झाली, मोनिकाची शोभा काही झालेली नाही. 27 ऑगस्टला तिचा सण असतो.

माझी नजर त्या स्वप्नावर अडते, आणि म्हणूनच तुमचं पत्र वाचताना मी थबकले. तुमच्याकडे एका वाक्यात सहा वर्षांचा अबोला आहे आणि पुढच्याच वाक्यात नातीवर जीव ओवाळणारी आजी. मधे काय झालं? आधी कोण बोललं? ती तुमच्या दारात आली, की तुम्ही बाळाला घेऊन तिच्याकडे गेलात? दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय होतं? कदाचित माफीबिफी कुणीच मागितली नसेल. 'बाळाला ताप आहे का गं' इतक्यावरच भागलं असेल. आपल्या आया असंच करतात. ताई, तुमची तीन मिनिटं तिथे आहेत. भावाच्या मसुद्यात ती येणं शक्यच नाही, कारण तो तिथे नव्हता.

अबोल्याला एखाददुसरं वाक्य पुरे. "माझं लग्न आईला मान्य नव्हतं आणि काही वर्षं आम्ही बोलत नव्हतो." बस्स. आकडा नको, कोण काय म्हणालं ते नको. चर्चमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना हे माहीतच असणार. तुम्ही ते गाळलंत तर पुढचं सगळं त्यांना पोकळ वाटेल. लगेच मधली हकिगत सांगा, जशी घडली तशी, तिचे शब्द तिच्याच बोलीत. मग आजीबद्दल एखादी गोष्ट, मुलीला विचारून.

एक सावधगिरीही सांगते. ही मधली हकिगत लिहायला बसल्यावर प्रेमापेक्षा रागच वर आला, तर या वेळी बोलू नका. भावाला त्याचा मसुदा वाचू द्या, 'कधी कुणाला दुखावलं नाही' हे एक वाक्य वगळून. वेदीपाशी उभं राहून हिशेब चुकता करणं बरं नाही, कारण समोरची बाई आता उत्तर देऊ शकत नाही. राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. सहा वर्षं ही थोडी नव्हेत, आणि तुमचे यजमानही तेव्हा नाकारले गेले. त्या रागाला जवळची मैत्रीण, समुपदेशक, किंवा ज्या फादरांनी तुम्हाला बोला म्हटलं ते, यांतलं कुणीतरी ऐकणारं हवं. भरलेलं चर्च नको.

हवं तर एवढं समजून ठेवा, भाषणात घालू नका. तुमची आई धर्मशिक्षण शिकली तेव्हा 1917 ची धर्मसंहिता, म्हणजे चर्चचा कायदा, चालू होती आणि तिच्यात मिश्रविवाहाला अत्यंत कडक मनाई होती. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, भाषा मवाळ झाली ती 1962-65 मधल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. 1970 मध्ये पोप पॉल सहावे यांनी मिश्रविवाहाचे नियम सैल केले, तोवर आई तिशीची झाली होती. लहानपणी पाठ केलेलं इतक्या सहज पुसलं जात नाही. तिचं वागणं त्यामुळे बरोबर ठरतं असं नाही. पण ती मुलीवरच्या रागापेक्षा मुलीच्या आत्म्याच्या काळजीने गप्प बसली असेल, ही शक्यता तरी उरते.

मुलीला हे सगळं मिस्सेआधी घरी सांगा. चर्चच्या बाकावर बसून तिला ते पहिल्यांदा कळायला नको. तिची आजी तिच्यापासून हिरावली जाईल अशी भीती बाळगू नका. एकोणीस वर्षांच्या मुलीला हट्टी माणसं समजतात. तिची इच्छा असेल तर फादरांना विचारून एखादी विनंती-प्रार्थना तिला वाचायला द्या.

भावाच्या मसुद्यालाही जागा आहे. मिस्सेनंतर सगळे एकत्र बसाल तेव्हा त्याला हवा तेवढा वेळ बोलू द्या, विशेषणांसकट. त्यालाही आई गेलीय. शिवाय दर 2 नोव्हेंबरला, मृत भक्तांच्या दिवशी, आईसाठी पुन्हा एकत्र यालच, म्हणजे राहिलेलं सांगायला ही काही शेवटची संधी नाही.

लिहून झालं की मोठ्याने वाचून घड्याळ लावून बघा आणि कागद दोन दिवस आधी फादरांना दाखवा. भावालाही दाखवा. तो कुरकुर करेल. अबोल्याचं वाक्य तरी काढू नका.