बाबा घरी आले, आता पुढे काय

हे बघ, मोठ्या दुखापतीनंतर हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला की सुटलो असं वाटतं, पण खरी धावपळ आता सुरू होते, त्यामुळे आधी सगळ्यांनी बसून ड्युट्या वाटून घ्या, रात्री कोण दिवसा कोण, नाहीतर सगळं आईवर येतं आणि ती बोलत पण नाही. गोळ्यांची एकच वही ठेवा, दिली की लगेच टिक, नाहीतर दोघं मिळून डबल डोस देऊन मोकळे होतात.

बाबांना स्वतःहून हलता येत नसेल तर साधारण दर 2 तासांनी कूस बदलायची (मणक्याला मार असेल तर कशी ते आधी शिकून घ्या) आणि रोज टाचा, माकडहाड नीट उघडून बघायचं. लालसर किंवा काळपट डाग दिसला आणि बोटाने दाबूनही रंग बदलत नसेल तर ती बेडसोअरची (एकाच जागी पडून दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते, तिथे मालिश अजिबात नको, नर्सला दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, रक्ताची गुठळी असू शकते, लगेच इमर्जन्सीत न्या. स्ट्राँग पेनकिलरने पोट साफ होत नाही, बाबा लाजून सांगणार नाहीत, तूच विचार.

चिडचिड करतील, ती मनावर घेऊ नकोस, पण डोक्याला मार असेल आणि वागणं एकदम बदललं किंवा गुंगी वाढली तर डॉक्टरांना लगेच कळव. भेटायला येणाऱ्यांना सरळ वेळ ठरवून दे, कोणी रुसलं तर रुसू दे, आणि कोणी मदत विचारली तर 'नको नको' न म्हणता काम सांग, कपडे धुवायचे, आईला दोन तास झोपू द्यायचं, काहीही.